दहाच्या एसटीचं गाणं

कापसाच्या मुलखात, उंद्रीत येऊन आम्हाला चौथं वर्ष लागलं होतं आणि मी मनातल्या मनात सामान बांधायला सुरुवात केली होती. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकते. देवाचं बोलावणं आमच्या ह्यांना आलं होतं, मला नव्हतं. हे ख्रिस्ती मंडळीचे पाळक. नगर जिल्ह्यातली चांगली भरलेली मंडळी, दगडी देऊळ आणि अंगणातलं चिंचेचं झाड सोडून 'जिथे कोणी नाही तिथे जाऊ' असं त्यांनी एकदा जेवताना सांगितलं, तेव्हा माझ्या हातातली पळी आमटीत तशीच राहिली. पण संसार केला होता, मागे राहून करणार काय? आले. येताना वाटलं होतं की दोन वर्षांत खोली भरेल, तिसऱ्या वर्षी जागा घेऊ. माझं गणित नेहमीच पक्कं असतं, फक्त देव ते सोडवायला घेत नाही.

उपासनेसाठी आम्ही रस्त्याकडेची एक खोली भाड्याने घेतली होती. आधी तिथे खताचं गोदाम होतं. भिंतींना दोनदा चुना दिला, तरी पावसाळ्यात युरियाचा वास यायचाच. त्या खोलीत चार वर्षांत येऊन टिकलेली माणसं म्हणजे एक निवृत्त कंडक्टर, त्यांची बायको आणि कौसल्याबाई. कौसल्याबाईंची आई जालन्याकडे मिशनच्या दवाखान्यात आया होती, त्यामुळे प्रभूची ओळख त्यांना पाळण्यापासूनची. लग्न होऊन इकडे आल्यावर मात्र बरोबर गायला कोणी उरलं नाही. आम्ही आलो तेव्हा पहिल्या रविवारी त्या दारात उभ्या राहून रडल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी खोली झाडायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं होतं आणि दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची. पण उपासनेत त्या तोंड उघडत नसत. प्रार्थना करा म्हटलं की पदर ओढून म्हणायच्या, "मले नाही जमत ताई, तुमीच करा." गाणंही ओठांतल्या ओठांत.

आणि दिवाळी झाली की रविवारी त्याही येईनाशा व्हायच्या, शनिवारचं झाडणं तेवढं सुटत नसे. कापसाची वेचणी सुरू झाली की गावातल्या बाया उजाडताच रानात. पहिल्या वर्षी मी त्यांना म्हटलं होतं, निदान रविवारी तरी सुट्टी घ्या. त्या हसल्या. "कापूस काय रविवार पाहून फुटते का ताई?" पण आमच्या माहेरी रविवार म्हणजे रविवार. दहाची घंटा झाली की सगळं गाव देवळाच्या वाटेला. मीही इथे दहाचीच वेळ धरून बसले होते. समोरून चिखलीची एसटी दहाला जायची, तिच्या हॉर्नवर आमची उपासना सुरू व्हायची. ह्यांनी पहिल्याच वर्षी मंडळीच्या तोंडचं म्हणून एक साधं गाणं रचलं होतं, 'पुढे तू चाल देवा, मागे मी येते'. चार माणसांत ते गाणं पातळ वरणासारखं लागायचं. तरी हे चारशे माणसं बसल्यासारखे उभे राहून म्हणायचे आणि मला त्यांचं कौतुक वाटायचं त्याहून जास्त राग यायचा.

त्या वर्षी वेचणीच्याच दिवसांत माझ्या भावाचा फोन आला. त्यांच्या गावची मंडळी पाळकाच्या शोधात होती. घर तयार, माणसं तयार. "अक्का, आता बास झालं. भावजींना समजाव. रविवारी संध्याकाळपर्यंत मला हो की नाही सांग, त्यांना दुसऱ्याला विचारायचंय." मी ह्यांना सांगितलं. वाटलं होतं, वाद घालतील. पण ते म्हणाले, "मी आणलं तेव्हा तुला विचारलं नव्हतं. या वेळी तू ठरव. तू म्हणशील ते मी देवाकडून आलं असं समजेन." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात काही आलं, आणि ते इतकं जड निघालं की रात्री झोप येईना. शेवटी मी प्रार्थना केली. प्रार्थना कसली, सौदाच तो. म्हटलं, प्रभू, या रविवारी एक नवीन चेहरा, फक्त एक, पाठव. आला तर आम्ही राहू. नाही आला तर आमचा रस्ता मोकळा.

शनिवारी हे तापाने फणफणले. अंग इतकं दुखत होतं की कुशीवर वळता येईना. डॉक्टरांनी औषध दिलं आणि पडून राहायला सांगितलं. रविवारी सकाळी त्यांना पेज पाजली, शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि मी एकटीच खोली उघडायला गेले. सतरंजी अंथरलेली होती. कौसल्याबाई आदल्या संध्याकाळी झाडून, अंथरून गेल्या होत्या. कंडक्टर आणि त्यांची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. मी दाराकडे तोंड करून बसले. दहाची एसटी हॉर्न देत गेली. एक शेळी उंबऱ्यापर्यंत आली आणि आत डोकावून परत गेली. त्यानंतर कोणीही नाही. मी गाणं म्हटलं नाही, पवित्र शास्त्र उघडलं नाही, प्रार्थनाही केली नाही. कोणासाठी करायची? मला रडू येईल असं वाटलं होतं, पण सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. थोड्या वेळाने सतरंजीची घडी केली, कुलूप लावलं.

आता एकच गोष्ट उरली होती. कौसल्याबाईंना हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये. भावाला फोन करण्याआधी त्यांना समोर बसून सांगायचं असं ठरवून मी तशीच शिवाराच्या वाटेने निघाले. शेत कोणतं ते मला धड ठाऊक नव्हतं. चार वर्षांत मी एकदाही तिकडे गेले नव्हते, काम पडलं नव्हतं. फाट्यापाशी दोन वाटा फुटल्या आणि मी घोटाळले. एवढ्यात दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल मागून येऊन थांबली. माणूस अनोळखी, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं.

"कुटं चालल्या ताई?"

मी कौसल्याबाईंचं नाव सांगितलं. त्याला समजेना. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "कोन, गाण्यावाली मावशी? बसा मांगं. मले तिकडूनच जा लागते."

मला वाटलं, हा दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतोय. ज्या बाईचा आवाज मी चार वर्षांत नीट ऐकला नव्हता, ती गाण्यावाली कशी? पण पाय दुखत होते, बसले. एका शेताच्या बांधापाशी, इकडे त्याला धुरा म्हणतात, त्याने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. "आवाजाच्या मांगं मांगं जा, सापडतेच," असं म्हणून तो निघून गेला. त्याचं नावही मी विचारलं नाही. नंतर गावात चौकशी केली, दूधवाले बरेच निघाले, हा काही त्यांच्यात दिसला नाही. मी त्याचा उगाच देवदूत करत नाही. दुधाचा वास येत होता त्याला. पण त्या दिवशी त्याने मला जिथे उतरवायला हवं होतं बरोबर तिथे उतरवलं, एवढं खरं.

कारण तुरीच्या ओळींपलीकडून गाणं येत होतं. आधी चाल ओळखू आली नाही. ह्यांची चाल संथ, उभ्याने म्हणायची. ही वाकून, दोन्ही हातांनी कापूस ओढत म्हणायची, प्रत्येक बोंडापाशी जरा ठसका घेणारी. मग शब्द कानावर आले आणि मी धुऱ्यावरच उभी राहिले.

"पुढं तू चाल देवा, मांगं मी येतो..."

इकडच्या बाया 'मी येतो' असंच बोलतात. एक आवाज ओळ म्हणायचा आणि बाकीच्या बाया ती उचलायच्या. पुढचा आवाज कौसल्याबाईंचा होता. मोकळा, खणखणीत, आमच्या खोलीत मावला नसता असा. कमरेला ओट्या बांधलेल्या बाया आपापल्या तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत, वाकलेल्या होत्या. त्यात पाटलांच्या वाड्यावरच्या होत्या, बुद्धविहाराशेजारच्या होत्या, एक तर कपाळभर कुंकू लावलेली म्हातारी होती. त्या कोणी आमच्या मंडळीतल्या नव्हत्या, आजही नाहीत. त्या गात होत्या, कारण गाण्याने हात चालतो आणि मावशी म्हणते म्हणून. पण गात होत्या जीव लावून.

म्हातारीनेच मला आधी पाहिलं. "हे नवीन बाई कोन वं?"

नवीन बाई! माझी खूण. नवीन चेहरा मी मागितला होता आणि तो आलाही होता, फक्त तो माझा होता आणि दार मी समजत होते ते नव्हतं. मला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. कौसल्याबाई हातातला कापूस ओटीत कोंबत धावत आल्या. पाळकसाहेबांचा ताप उतरला का, ते त्यांनी पहिलं विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्यांनी दुसरं विचारलं, अगदी सहज, घरी भाजी कोणती केली असं विचारावं तसं.

"आज कोनतं गाणं म्हनलं ताई?"

मी पदराने तोंड पुसत राहिले. त्यांना वाटलं मी दमले, म्हणून त्याच सांगत सुटल्या. "दहाची गाडी गेली का मी बी सुरू करतो. तुमी तिकडे म्हनता, मी इकडे म्हनतो. येता नाही येत, पन सुटलं नाही पाह्यजे न. कधी वाटते, तुमी तिकडे दुसरंच म्हनत असान तं कसं जमन? मंग म्हनतो, देवाले दोनी आयकू येतात."

चार वेचण्या त्या बाईने असं केलं होतं. दर रविवारी, एसटी वेळेवर आली तर वेळेवर, उशिरा आली तर उशिरा. तिकडे आम्ही गातोय या एका भरवशावर. आणि आज, तिने इकडे सूर लावला तेव्हा मी तिकडे हाताची घडी घालून बसले होते. मला कोणी रागावलं नव्हतं, देवानेही नाही. पण तो प्रश्न ऐकून माझ्या आतली सगळी बांधलेली गाठोडी सुटली. मंडळी वाढत नाही म्हणून मी चार वर्षं दाराकडे बघत बसले होते, आणि उपासना इथे कापसाच्या तासातून चालली होती, माझ्या गैरहजेरीत, वेगळ्या चालीत.

"दुसरं शिकवा न ताई," एक तरणी बाई म्हणाली. "हे एकच म्हनू म्हनू कापूस बी कंटाळला."

मग मी चपला धुऱ्यावर काढल्या आणि त्यांच्या तासात शिरले. कापूस मला काही वेचता येत नाही. वाळल्या बोंडांनी बोटं ओरबाडली, ओटीत कापसापेक्षा पाचोळा जास्त आला आणि सगळ्या पोटभर हसल्या. पण मी माहेरचं एक गाणं शिकवलं. दुपारी बाभळीखाली भाकरी सोडल्या, तेव्हा कौसल्याबाईंनी डोळे मिटले आणि बाकीच्यांचे हात आपोआप थांबले. हे त्यांचं रोजचं होतं. "देवा, भाकर देल्ली, तुह्ये उपकार. ह्यायच्या मालकाचा ताप उतरव. लय दुरून आले बिचारे, त्यायले आमच्याशिवाय कोन हाय?" एवढीच प्रार्थना. आम्हाला त्यांच्याशिवाय कोणी नाही, हे मला तोवर कळलंच नव्हतं. मी आजवर उलटंच समजत होते.

"तुमी कायसाठी आल्या होत्या ताई?" निघताना त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्हाला भेटायला."

संध्याकाळी भावाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो चिडला, "अक्का, पस्तावशील," म्हणाला. ह्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते पांघरुणातूनच म्हणाले, "मांगं मी येतो? म्हण बरं पुन्हा." मी ती नवी चाल म्हणून दाखवली. ते इतके हसले की खोकला लागला. "माझ्या चालीपेक्षा बरी आहे," म्हणाले. ताप उतरायला आठवडा गेला, औषधानेच उतरला. पण उपकार कोणाचे मानायचे ते मला ठाऊक आहे.

पुढे काही खोली भरली असं झालं नाही. सरकारी दवाखान्यातली एक परिचारिका बदलून आली, ती येते. सुलतानपूरचं एक जोडपं महिन्यातून एकदा येतं. कंडक्टरांचा नातू सतरंजीवर रांगतो. वेचणीत एखाद्या रविवारी आम्ही शेतावरच जातो, एखाद्या रविवारी जमत नाही. वाढवणारी मी नाही, हे कळल्यापासून माझी झोप चांगली झाली. बी कधी उगवायचं ते शेतकरी बियाला विचारत नाही, आणि मी मात्र रोज उकरून बघत होते. आता उकरत नाही.

गेल्या रविवारी हे चिखलीला गेले होते आणि खोलीत पुन्हा मी एकटीच होते. सतरंजी पूर्ण अंथरली. दहाची एसटी गेली, तशी उभी राहिले आणि दार सताड उघडं ठेवून गायले, गळा दुखेपर्यंत. रस्त्यावरून जाणारा एकजण थबकून बघत पुढे गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. पलीकडे शिवारात त्याच वेळी दुसरा आवाज लागलेला असणार, हे मला माहीत होतं.

संध्याकाळी कौसल्याबाई रानातून परस्पर आमच्याकडे आल्या. केसांत कापसाचे धागे, हातात कुठूनशा आणलेल्या मूठभर वालाच्या शेंगा. शेंगा माझ्या ओंजळीत टाकत त्यांनी नेहमीचंच विचारलं, "आज कोनतं म्हनलं ताई?"

आणि प्रभूच्या कृपेने मला सांगता आलं.