बारावं पान

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय.

तळोज्याला एका केमिकल कंपनीत मी अ‍ॅडमिनला आहे. मोरेकाका आमचे टेलिफोन ऑपरेटर. डोळ्यांनी अजिबात दिसत नाही, पण नुसत्या चालण्यावरून माणूस ओळखायचे. सेफ्टीची नवी पुस्तिका आली, तेव्हा साहेब म्हणाले, काकांसाठी वाचून रेकॉर्ड कर. बारा पानं. काय मोठं काम होतं? पण मला कंटाळा आला — खरं सांगते, नुसता कंटाळा. भूक लागली होती. अकरा पानं वाचली, 'सूचना समाप्त' म्हटलं आणि रजिस्टरवर सही ठोकली.

काकांनी सगळं पाठ केलं. म्हणून दाखवायचे, तेव्हा जिथे मी खोकले होते तिथे तेही थांबायचे — बरोबर तेवढाच वेळ.

मग एका दुपारी गॅस गळला. सगळे कॅन्टीनमागच्या गेटने बाहेर पडले. काका एकटेच मेन गेटकडे, त्या वासात चालत गेले. गॅस गळला तर मेन गेटने जायचं नाही, हे बाराव्या पानावर होतं.

काका वाचले. आवाज गेला, नुसती घरघर उरली. फोनवर बोलणाऱ्या माणसाची.

इथवर तुम्ही मला माफही केलं असतं, नाही? थांबा. ते हॉस्पिटलात असताना मी ते पान रेकॉर्ड केलं, आधीच्याला जोडलं आणि त्यांच्या टेबलावरच्या ऑफिसच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवलं. चौकशीत तेच वाजवलं. काका मान वाकडी करून ऐकत राहिले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ह्या पानावर तुझा आवाज वेगळा लागतोय गं. घाबरली होतीस का?"

शेवटी तेच म्हणाले, "मीच विसरलो असेन. वय झालं." काकांची नोकरी गेली. ते रेकॉर्डिंग तेवढं त्यांनी मागून घेतलं.

परवा कळंबोलीला त्यांच्या घरी गेले. काकींनी चहा दिला. आतल्या खोलीत मी बोलत होते — शांत, स्वच्छ — "मेन गेटने बाहेर पडू नये." माझ्यामागोमाग काका घरघरत तेच म्हणत होते. "रोज लावतात," काकी म्हणाल्या. "डोक्यात राहत नाही म्हणतात. स्वतःवरचा भरवसाच उडालाय त्यांचा. परवा डॉक्टरला दाखवणार आहोत."

मी चहा संपवून निघाले.

काका काही विसरले नव्हते. ते पान मी त्यांना वाचून दाखवलंच नव्हतं.