हॅलोआत्यांनी शोधलेली टाकी

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसल्यामुळे बाईंना सगळी गल्ली हॅलोआत्या म्हणायची. दारावर कुणी टकटक केली तरी त्या आतून "हॅलो" म्हणत. या बेटावरून त्या बेटावर फोन जोडून द्यायचा, लाइन तुटली की पुन्हा जोडायची, आणि कुणी भांडत असेल तर ऐकलंच नाही असं दाखवायचं, हे त्यांचं काम. पुढे त्या निवृत्त झाल्या, एक्स्चेंजलाही टाळं लागलं. पण फोनवर समोरच्याला बोलतं करायची हातोटी काही गेली नाही.

आत्यांनी लग्न केलं नव्हतं. भाऊ वारल्यापासून त्या आणि वहिनी दोघीच घरात. वहिनी शिवणकाम करायची. एकीचं तोंड थांबत नसे आणि दुसरीचं मशीन, त्यामुळे घरात शांतता अशी कधी नसायची.

त्या वर्षी मात्र मशीन थांबलं. वहिनीच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली नवी चप्पल चावली. शुगर होतीच, चावलेल्या जागेची जखम झाली आणि तीन महिने ती भरायचं नाव घेईना. हॉस्पिटलातल्या सर्जनबाईंनी औषधं दिली, पायाचा रक्तपुरवठा तपासला, पायावर भार टाकायचा नाही म्हणून मशीन बंद करायला लावलं. शेवटी म्हणाल्या, "आता हायपरबेरिक ऑक्सिजन देऊन बघावा असं मला वाटतं. एका बंद टाकीत हवेचा दाब वाढवतात आणि पेशंटला शुद्ध ऑक्सिजन देतात. तो रक्तात जास्त मिसळतो, जखमेपर्यंत पोचतो. जादू नाही हं. ड्रेसिंग, शुगर, विश्रांती, सगळं पाळायचंच. वर चाळीसेक बैठका."

"टाकी कुठे आहे?" आत्यांनी विचारलं.

"माझ्या माहितीत तरी समुद्रापलीकडे, मोठ्या शहरात."

घरी येऊन चपला काढतानाच वहिनी म्हणाली, "वन्सं, मी दोन महिने परक्या गावात राहणार नाही. पाय राहिला तर राहिला."

"तुझा पाय तू ठेव, मी टाकी शोधते," आत्या म्हणाल्या आणि चष्मा पुसून फोन घेऊन बसल्या.

पहिला फोन लागला तो जवळच्या बेटावरच्या एका ब्यूटी पार्लरला. मोबाइलवर त्यांची 'ऑक्सिजन थेरपी' अशी जाहिरात होती. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला की त्यांच्याकडे फुगणारी पिशवी आहे, तिच्यात तासभर पडलं की थकवा जातो, सुरकुत्या जातात आणि केसही येतात.

"दाब किती असतो हो त्यात?"

"आरामदायक असतो, मॅडम."

"आकडा सांगा ना. आणि डॉक्टर कोण असतात?"

"डॉक्टर कशाला? मी आहे ना."

"तुमच्या डोक्यावर केस आहेत का?" आत्यांनी विचारलं. फोन बंद झाला.

दुसरा नंबर एका जुन्या यादीतला, कुठल्याशा दवाखान्याचा. तो एका घरी लागला. तिथली बाई न चिडता म्हणाली, "दवाखाना कधीच हलला. अकरा वर्षं मीच उत्तरं देतेय. तुम्हाला काय झालंय?" आत्यांनी सगळं सांगितलं, तिनेही तिच्या गुडघ्याचं सांगितलं. टाकी काही मिळाली नाही, पण वीस मिनिटं छान गेली.

तीन दिवसांत सतरा फोन झाले. कुणाचं मशीन बंद होतं, कुणाला हायपरबेरिक हा शब्द ब्लडप्रेशरचा वाटला. चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता आत्या एकदम थांबल्या. त्यांना एक्स्चेंजमधले काही तातडीचे कॉल आठवले. उत्तरेच्या बेटावर जहाजदुरुस्तीची गोदी होती. पाण्याखाली काम करणारा एखादा पाणबुडा घाईने वर आला आणि त्याला त्रास झाला, की गोदीतून कॉल यायचा: टाकी तयार ठेवा, डॉक्टरांना बोलवा. ती टाकी म्हणजे हीच तर नव्हे?

त्यांनी गोदीला फोन लावला. खर्जातला आवाज आला, "टाकी आहे. पण आमच्या पाणबुड्यांसाठी."

"मग माझी वहिनी काय विमानातून पडली? तिला फक्त पाण्यात जायचं नाहीये, एवढंच."

पलीकडे हसू फुटलं. तो माणूस टाकीचा चालक होता, स्वतः पूर्वी पाणबुडा. म्हणाला, "बाई, नियम आहे. डॉक्टर सांगतील तसं. सोमवारी अकराला येतात."

सोमवारी अकराला एक मिनिट असताना गोदीतला फोन वाजला, अर्थात आत्यांचा. डॉक्टर म्हणाले, गोदीशेजारच्या दवाखान्यातून जखमेचे दोन पेशंट टाकीत येतातच. फक्त त्याची पाटी कुणी लावलेली नाही. मग त्यांनी सर्जनबाईंचं पत्र, शुगरची नोंद आणि छातीचा एक्स-रे मागवला, कान तपासावे लागतील असं सांगितलं. पत्र आणायला गेलेल्या आत्यांना सर्जनबाई म्हणाल्या, "बोटीने दोन तासांवर टाकी आणि मला पत्ता नाही. नंबर द्या बरं मला."

गोदीजवळ खलाशांच्या विश्रामगृहात खोली मिळाली. सोमवार ते शुक्रवार तिथे राहायचं, शनिवारी बोटीने घरी. पहिल्या दिवशी वहिनीने टाकी पाहिली आणि तिचे पाय तिथेच थबकले. पांढरी, लांबुळकी, गोल खिडक्यांची. आत समोरासमोर सहा खुर्च्या. अंगावर फक्त सुती कपडे घालायचे. तेल, पावडर, मोबाइल, सगळं बाहेर. आगीची जोखीम नको म्हणून.

"वन्सं, दार बंद झाल्यावर मला घाबरायला झालं तर?"

"मग सांगायचं. आत नर्स आहे, बाहेर मी आहे."

बाहेर चालक काकांच्या शेजारी आतल्यांशी बोलायचा फोन होता. आत्यांची नजर त्यावर गेली. काकांनी ती ओळखली आणि रिसीव्हर पुढे केला. "पाचच मिनिटं हं. मला माझं काम असतं."

दाब वाढू लागला. खिडकीतून वहिनीचा चेहरा आक्रसलेला दिसला.

"हॅलो," आत्या म्हणाल्या. "कान दुखतात का?"

"गच्च झालेत."

"आवंढा गिळ. जांभई दे. मी बोलायला लागले की तुला जांभई येतेच की."

वहिनी हसली, त्यातच जांभई आली आणि कान मोकळे झाले. मग नर्सने तिच्या डोक्यावर ऑक्सिजनची पारदर्शक टोपी चढवली. दीड तासाने बाहेर आली तेव्हा तिची पहिली तक्रार होती, "इथले सुती झगे कुणी शिवलेत? काखेत ओढतात. मापाचा पत्ता नाही."

मग रोजचं सुरू झालं. आधी शुगर तपासायची, मग टाकी, मग ड्रेसिंग. आतले बाकीचे दोन पेशंट, एक निवृत्त बंदर कारकून आणि एक शाळेतली बाई, वहिनीच्या ओळखीचे झाले. वहिनीने बसल्या जागी, हातशिलाईने, सगळ्यांचे झगे सैल करून दिले. काकांच्या गोदीतल्या पाणबुड्यांनी आपले गणवेश घेऊन रांग लावली, तेव्हा आत्यांनाच दारात उभं राहून सांगावं लागलं, "पेशंट आहे ती, दुकान नाही."

पंधराव्या बैठकीपर्यंत फारसा फरक नव्हता. पुढच्या आठवड्यात एके दिवशी ड्रेसिंग काढताना नर्सने जखमेच्या कडेचा गुलाबी भाग दाखवला. वहिनीने वाकून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "कापड जुळतंय." छत्तिसाव्या बैठकीनंतर जखम बंद झाली. डॉक्टरांनी आणखी चार पूर्ण करायला लावल्या, आणि मऊ तळाच्या चपलांशिवाय पाय जमिनीवर ठेवायचा नाही असं बजावलं.

आता सर्जनबाई असा पेशंट आला की आत्यांचा नंबर देतात. मागच्या मंगळवारी एक माणूस वडिलांसाठी विचारत होता. रेडिएशननंतर जबड्याचं हाड भरत नव्हतं. आत्यांनी कागदपत्रं काय लागतील ते सांगितलं, बोटीच्या वेळा सांगितल्या. मग त्याने विचारलं, "आत बसल्यावर नेमकं कसं वाटतं हो?"

"थांबा," आत्या म्हणेपर्यंत वहिनीने मशीन बंद करून हात पुढे केला होता. "द्या इकडे. तुम्ही कुठे बसलात आत?"

पाऊण तास फोन तिच्याकडेच होता. आत्या शेजारी बसून खुणा करत राहिल्या, पण त्यांना मध्ये शिरायला जागाच मिळाली नाही.