आईसाठी लहान, जुनं जहाज

मित्रांनो, आज दुपारी आईला घेऊन सुपेल्याच्या बाजारात ट्रॅव्हल एजंटकडे गेलो होतो. पंचाहत्तरी आली तरी तिने समुद्र पाहिलेला नाही. तो यंदा दाखवायचाच, असं मी ठरवलंय.

एजंटने दोन क्रूझ दाखवल्या. एक नवी, अठरा मजली, आत बाजार आणि सिनेमा. दुसरी लहान, जुनी, पण थाटाची.

प्लांटमध्ये यंत्रं सांभाळण्याच्या सवयीने मी विचारलं, "जुनीची मोठी दुरुस्ती कधी झाली?"

तो हसला. "अंकल, ये तो आज तक किसीने नहीं पूछा!" कागद पाहून म्हणाला, गेल्याच वर्षी.

आईने वेगळंच विचारलं, "पाणी जवळून कोन्त्या जहाजातून दिसते रे?"

एजंट म्हणाला, नवीत उघडा डेक थेट वरच्या मजल्यावर. जुनीत खोलीपासून दहा पावलांवर.

"मंग लहानच घे. बजार त रोजच पाहून राहिली मी. मले समुद्रातून सूर्यनारायण निंगताना पाहाचा हाय."

"माताजी, छोटा जहाज हिलता बहुत है."

"हालू दे. माहेरी बैलबंडीनंच जात होती मी."

लहानच बुक केलं. समुद्रावरच्या पहिल्या पहाटे तिच्या शेजारी हात जोडून उभा राहणार आहे.

तुमच्या आईवडिलांचं काय पाहायचं राहिलंय? कधी विचारलंत?