लाल विमानाचा साचा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर रजया उन्हात घालत होतो. थंडी सरली की चंडीगडला हे एक काम असतं, आणि ते माझ्याकडे आहे.

"भाऊजी, घर रिकामं करतेय. लेकीकडं चाललेय कोल्हापूरला, कायमची. पलंगाखाली तुमचं ते विमानाचं भांडं आहे. घेऊन जा, नाहीतर कबाडीवाला नेईल."

भांडं म्हणजे साचा. शेंगेच्या दोन फोलपटांसारखे दोन लांबट, खोलगट भाग. त्यात कार्बनचं काळं कापड राळेनं चिकटवत जायचं, सुकलं की दोन्ही भाग जुळवायचे आणि साच्यातून विमानाचं अंग बाहेर काढायचं. आमचं विमान त्यातून निघालं होतं. एकच. ते हरवलं आणि साचा राहिला. साचा करणारे दादा, वहिनींचे यजमान, मागच्या डिसेंबरात गेले.

विमान म्हणजे आत माणूस बसतो तसं नव्हे. जमिनीवर उभं राहून रिमोटनं उडवायचं, शर्यतीचं. पण खेळणंही नव्हे. पंख माझ्या पसरलेल्या हातांएवढे. पेट्रोलवर चालणारं इंजिन सुरू झालं की शेजारच्या शेतातल्या म्हशी दावं तोडायला बघायच्या. असलं विमान दुकानात मिळतही असेल, पण आमचं दादांनी कोऱ्या कागदापासून केलं होतं.

दादा चंडीगडजवळ डेराबस्सीला एका कारखान्यात होते. औषध कंपन्यांना लागणाऱ्या अॅसिडच्या फायबरच्या टाक्या त्यांच्या हाताखाली व्हायच्या. बढाईखोर माणूस. "टाकी काय, विमान काय, पोकळ वस्तू ती पोकळ वस्तू. फक्त एकीला उडायचं असतंय, लेका," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. विमान त्यांनी बेडरूममध्ये केलं, कारण थंडीत राळ सुकायला हीटर तिथंच होता. त्या दोन हिवाळ्यांत वहिनी बाहेरच्या खोलीत झोपल्या. विमानाला त्या 'सवत' म्हणत. "सवतीला न्हाऊ घातलं का आज?" दादा लाल रंगावर पॉलिश लावत बसले की त्या चहा ठेवता ठेवता विचारायच्या.

आम्ही तिघं होतो. दादा बांधणारे. उडवणारा पाजी, आयटी पार्कमध्ये कामाला, आमच्यापेक्षा वयानं बराच लहान, तरी आम्ही त्याला पाजीच, म्हणजे पंजाबीत मोठा भाऊच, म्हणायचो. आणि मी. माझी नोकरी मोजमापाच्या उपकरणांची. दुसऱ्यांची उपकरणं बरोबर दाखवतात की नाही हे तपासून मी सही करतो. साहजिकच विमानाचा रेडिओ माझ्याकडे होता.

माझं दुसरं काम ओरडण्याचं. मैदानात तीन खांब असतात, त्यांना वळसे घालत विमानं पळतात. लांबच्या खांबापलीकडे आपलं विमान गेलं की नाही हे उडवणाऱ्याला कळत नाही, त्याची नजर फक्त विमानावर असते. म्हणून त्याच्या खांद्याला खांदा लावून एक जण उभा राहतो आणि वळायची वेळ झाली की ओरडतो. बाकीचे हिंदी-इंग्रजीत ओरडायचे. आम्ही मराठीत. त्या गोंगाटात 'वळ' हा एकच शब्द वेगळा ऐकू येतो, हे पाजीनंच शोधून काढलं होतं. त्याचं सगळं मराठी एवढंच. पुढे तो फोनवरही हॅलोऐवजी "वळ!" म्हणायचा.

आता जे सांगायचं ते.

पहिलं अंग साच्यात घालण्याआधी दादांनी मला विचारलं होतं, "कार्बन घालतोय मी. मजबूत होतंय. पण तुझा सिग्नल जाईल ना रं त्यातनं?"

कार्बन सिग्नल अडवतो, हे मला माहीत होतं. किती अडवतो, हे मोजायला एक दुपार लागली असती. उपकरणं माझ्याच टेबलावर होती. मी म्हणालो, "जाईल दादा. काळजी नको." का म्हणालो? जाणकार दिसण्याची सवय, दुसरं काही नाही. अँटेना मी अंगाच्या आतच चिकटवली.

शर्यत डेराबस्सीच्या पुढे, एका मोकळ्या माळावर होती. सभोवती सरसोंची पिवळी शेतं, त्यापलीकडे पॉपलरच्या झाडांच्या रांगा, त्यामागे घग्गर नदीचं कोरडं पात्र. सकाळच्या सरावात लांबच्या खांबाला वळताना इंजिन क्षणभर गप्प झालं आणि पुन्हा पेटलं. पुढच्या फेरीत पुन्हा तसंच.

पाजी म्हणाला, "इंजिन खाँस रहा है यार, दादा."

"थंडी वाजत असंल," दादा म्हणाले आणि गळ्यातल्या मफलरनं विमान पुसायला लागले.

मला कळलं होतं. विमान आडवं होऊन वळतं तेव्हा कार्बनचं अंग अँटेनाच्या आड येतं आणि सिग्नल तुटतो. सिग्नल तुटला तर विमानानं काय करायचं हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. नियम असा की इंजिन मंद करायचं आणि गिरक्या घेत जवळच खाली यायचं. मोडलं तर मोडलं, पण मैदानाबाहेर जायचं नाही, कुणाच्या डोक्यात पडायचं नाही. आमचं विमान तेच करू पाहत होतं. म्हणून इंजिन गप्प होत होतं.

उपाय साधा होता. अंगाला एक भोक पाडायचं आणि अँटेना बोटभर बाहेर काढायची. पण त्यासाठी त्या लाल, आरशासारख्या अंगापाशी जाऊन म्हणावं लागलं असतं, दादा, मी तेव्हा न मोजताच बोललो.

शर्यतीआधी सगळ्या विमानांची तपासणी झाली. रिमोट बंद केला की इंजिन मंद होतं का, एवढंच बघतात. झालं. पास. मग मी विमान घेऊन तंबूच्या मागे गेलो आणि ते आधी ठरवून ठेवलेलं बदललं. सिग्नल तुटला तर जसं चाललंय तसंच चालू ठेव, असं करून टाकलं. क्षणभराचाच तर प्रश्न होता. क्षणभर विमान आपलं आपण उडेल, पुन्हा सिग्नल येईल, इंजिन गप्प होणार नाही, कुणाला काही कळणार नाही.

पहिल्या फेऱ्या सुरेख झाल्या. दादा माझ्यामागे उभे राहून कोल्हापुरी शिव्या घालत होते, म्हणजे खूश होते. लांबच्या खांबाशी मी ओरडलो, "वळ!" पाजीचा अंगठा वळला. विमान वळलं नाही.

"नहीं मुड़ रहा! यार, नहीं मुड़ रहा!"

"वळ! वळ!" मी ओरडतच होतो.

पूर्ण वेगानं, अगदी सरळ, ते पॉपलरच्या वरून गेलं. आधी लाल होतं, मग काळं, मग नुसता आवाज, आणि मग तोही नाही. या वेळी सिग्नल वळण्याआधीच तुटला होता, आणि तुटला तर काय करायचं हे मी सांगितलं होतं तसंच ते करत होतं.

आम्ही संध्याकाळपर्यंत शोधलं, पुढचे कितीतरी रविवार शोधलं. दादा भेटेल त्याला त्यांच्या हिंदीत विचारायचे, "ओ भाईसाब, लाल विमान देखा क्या? इधरसे गया है." ट्रॅक्टरवरचा एक म्हातारा सरदारजी पोट धरून हसला. "जहाज गवाच गया? ओए, जहाज कोई बकरी है?" विमान हरवायला ते काय शेळी आहे? दादाही हसले. मग त्या म्हाताऱ्यानं ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरला आणि आमच्याबरोबर त्याचं सगळं शेत तुडवलं. मी सगळ्यांत पुढे चालत होतो. विमान सापडावं म्हणून नव्हे. ते कुणाला लागलेलं नाही, एवढं मला बघायचं होतं. तसं काही कधी कानावर आलं नाही. विमानही मिळालं नाही.

पहिल्याच दिवशी मैदानात सगळे जमले तेव्हा दादांनी सर्वांसमोर सांगून टाकलं होतं, "माझी चूक. कार्बनचा हट्ट माझा होता." मी शेजारीच उभा होतो. त्यांनी मला विचारलं होतं हे ते बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

पावसाळा संपल्यावर एकदा दादा घरी आले. माझी मुलगी दारात होती. तिला त्यांनी कितवीत आहेस विचारलं, ती "सिक्स्थ में, अंकल" म्हणून आत पळाली. दादा बसले, पाणी प्यायले.

"दुसरं करूया का रं? या वेळी अँटेनाला जागा ठेवतो मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. जरा जास्तच वेळ. दुसरं विमान म्हणजे पुन्हा माझा रेडिओ, पुन्हा तीच तपासणी, पुन्हा तो विषय. मी म्हणालो, "राहू द्या दादा. मुलीचं यंदा दहावीचं वर्ष आहे."

दादांनी आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. "बरं," म्हणाले. चप्पल घालायला त्यांना बराच वेळ लागला.

त्यानंतर आम्ही तिघं एकत्र असे कधी नव्हतोच. गणपतीत भेट व्हायची, महाराष्ट्र मंडळाच्या मांडवात, मोदकांच्या रांगेत. दादांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा क्रिकेटवर बोललो.

साचा आणायला मी पाजीलाही बोलावलं. त्याच्या गाडीवर कॅरियर आहे, हे एक कारण. दुसरं मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

वहिनींनी साच्यात रजया ठेवल्या होत्या. त्या काढून आम्ही पलंगाखालून एक भाग ओढला. पुसताना माझ्या अंगठ्याला काहीतरी लागलं. आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर, पंखाच्या जरा मागे, गुंडीएवढा उंचवटा. नंतर चिकटवलेला, घासून सारखा केलेला. पुढचं अंग या साच्यातून निघालं असतं तर तिथं आपोआप खळगा आला असता. अँटेना बाहेर काढायची जागा.

मी खाली फरशीवर बसलो आणि सगळं सांगितलं. न मोजता बोललो ते, तंबूमागचं, दहावीचं. पाजीला कळावं म्हणून मध्येच हिंदीत, मग पुन्हा मराठीत.

वहिनी रजईची घडी घालत होत्या. घडी पुरी केली. "तुम्ही 'जाईल' म्हणाला होतात, ते त्यांना आठवत होतं."

"मग कधी बोलले का नाहीत?"

"म्हणायचे, तो सांगेल आपणहून. त्याशिवाय पुन्हा एकत्र काम कसं करायचं? तुमच्याकडं आले होते ना, त्याच्या आदल्या दिवशी ती गुंडी लावली. परत आले, साचा पलंगाखाली सरकवला, आणि मला म्हणाले, ठेव गं यात रजया."

रजई बाजूला ठेवून म्हणाल्या, "तंबूमागचं मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. कार्बननंच घालवलं, असं समजूनच गेले."

मी काहीतरी बोलू लागलो. त्यांनी हात वर केला. "मला सांगून काय, भाऊजी? दुसरा भाग राहिलाय आत. तो काढा."

पाजी खिडकीशी उभा होता. "इतने साल," तो म्हणाला, आपल्या अंगठ्यांकडे बघत. "मुझे लगता था मेरे हाथ से गया. मैंने रिमोट बेच दिया था यार." मग त्यानं एकट्यानं दोन्ही भाग खाली नेले, गाडीवर दोरीनं बांधले, माझ्या घरी आणून उतरवले आणि चहाला न थांबता गेला.

साचा आता माझ्या गच्चीवरच्या खोलीत आहे. परवा मी त्याला फोन केला. त्यानं उचलला, पण "वळ!" म्हणाला नाही. मी म्हणालो, "पाजी, माफ कर."

"हूँ," तो म्हणाला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. फोन त्यानं ठेवला नव्हता.

"वो साँचा," शेवटी त्यानं विचारलं, "धूप में तो नहीं रखा? टेढ़ा हो जाएगा."

मी वर जाऊन दोन्ही भाग खिडकीपासून सरकवले, उन्हाच्या बाहेर.