कोंड्याला विकलेली लेक

अमेरिकेला लेकीकडं जायचं ठरलं तेव्हा सगळ्यांना धास्ती होती ती काशम्माच्याच जन्माच्या कागदांची. बाई जन्मली अक्कलकोटकडच्या मामाच्या गावात, गोठ्यालगतच्या खोलीत. नोंद कोण करणार आणि कुठं! पण पासपोर्ट हाताशी होता, आणि ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला मिळाला तरी अमेरिकेला चालतं म्हणे. नसल्याचाही दाखला असतो हे ऐकून काशम्मा पोट धरून हसली होती.

घोडं अडलं ते लेकीच्या दाखल्यावर. सिद्धेश्वरी तिकडची नागरिक झाली, पदरात जुळी पोरं, आणि इकडं काशम्मा नवरा गेल्यापासून एकटी. एका जिवासाठी चूल पेटवायचाही तिला कंटाळा यायचा. ग्रीन कार्ड झालं की दोघी कायमच्या एका छपराखाली राहणार होत्या. त्यासाठी लेकीच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून काशम्माचं नाव दिसलं की झालं. पोर जन्मली ती सोलापुरातल्याच दवाखान्यात, म्हणजे नाव असणारच की!

दिग्विजय वकिलानं दाखला काढून आणला, टेबलावर ठेवला आणि उगाचच चष्मा पुसत बसला.

“मावशी, पार्वतम्मा कोण?”

“शेजारीण माझी. का वो?”

“बापाच्या जागी तुमच्या मालकांचं नाव आहे. आईच्या जागी... या पार्वतम्मांचं.”

देवमाणूस काशम्माचा नवरा वीरभद्रप्पा, बायकांशी मान वर करून बोलायचा नाही, आणि हा वकील बघतोय कसा! “आवो, ती माझ्या पोटची हाय!” हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच थिजले. तिनं जीभ चावली, दाखला उचलला आणि रिक्षा करून थेट गल्ली गाठली.

आता ती जीभ का चावली, ते सांगायला हवं. सिद्धेश्वरीच्या आधीची तीन लेकरं काशम्माच्या मांडीवर गेली होती. चौथी झाली तशी सासूनं ती पार्वतम्माच्या ओटीत टाकली आणि सूपभर कोंड्याला विकली. “आता ही तुझी न्हाय. सटवाईला कळता कामा नये, न्हायतर हीबी न्हेईल ती,” असं बजावलं. पोर वाढली काशम्माच्याच घरात, पण आईला म्हणायची काकू, आणि शेजारणीला अव्वा, म्हणजे आई. कुणी विचारलं तर काशम्मा म्हणायची, “शेजारणीची हाय, मी नुसती सांभाळते.” पस्तीस वर्षं तिनं ‘माझी लेक’ असं तोंडातून काढलं नव्हतं. हे सगळं अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पण सरकारदरबारी?

पार्वतम्मा दारात लसूण सोलत होती. दाखल्याचं ऐकून तिचा चेहरा पडला.

“तुझ्या सासूनंच दवाखान्यात माझं नाव सांगितलं की गं. मला म्हनली, सटवाईनं कागद बघितला तर? तुला सांगायचं न्हाय म्हनून शपथ घातली मला.”

“आन् तू गप बसलीस?”

“मेलेल्या म्हातारीची शपथ कशी मोडू?”

काशम्मा मटकन उंबऱ्यावर बसली. म्हातारीनं सटवाईला फसवलं ते फसवलं, सुनेलाही फसवून गेली! नऊ महिने पोटात वागवलेली पोर, आणि कागदावर आपण तिच्या कुणीच नाही.

पार्वतम्मानं वकिलाकडं येऊन सगळं सांगितलं, ते ऐकून दिग्विजयचा जीव भांड्यात पडला. शाळेच्या दाखल्यावर वीरभद्रप्पांनी आईचं खरं नाव घातलं होतं. त्याला पार्वतम्माचं एक आणि काशम्माचं एक प्रतिज्ञापत्र जोडायचं, आणि तरीही पटलं नाही तर दोघींची डीएनए तपासणी. पार्वतम्मानं झटक्यात अंगठा उठवला. काशम्मा मात्र हात मांडीखाली दाबून बसली.

सिद्धेश्वरी फोनवर म्हणाली, “काकू, कर की गं सही. एवढी घोडी झाले मी. आता सटवाई काय करणार मला?”

“तू गप! तिचं नाव घेऊ नगंस!” काशम्मा खेकसली.

दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून येऊन वकिलासमोर बसली.

“वाचून दाखवतो, मावशी. ऐकून ‘खरं आहे’ म्हणायचं.” दिग्विजयनं घसा खाकरून कोर्टातल्यासारखा आवाज लावला, “सिद्धेश्वरी ही माझ्या पोटची...”

काशम्मानं झडप घालून कागदावर पंजा ठेवला.

“हळू वाचा, साहेब. तीन गेलीत माझी.”

दिग्विजयनं उठून दार लोटलं आणि पुटपुटल्यासारखं वाचून काढलं. काशम्मानं पदर तोंडाशी धरला. “व्हय,” ती म्हणाली. “माझीच हाय.”

सहीची शाई वाळायच्या आत तिनं फोन लावला. तिकडं माणसं झोपलेली असतात हेही तिला सुचलं नाही. पलीकडून झोपाळू “हॅलो” आला तशी ती म्हणाली, “बरी हाईस न्हवं गं?”