आमच्या आडनावाची तीन गावं

माझं माहेरचं आडनाव 'कर'नं संपतं, म्हणजे ते कुठल्यातरी गावावरून आलंय हे उघड आहे. पंचाईत अशी की त्या नावाची गावं तीन. एक कोकणात, एक घाटावर, एक पार नगरकडे. त्यातलं आमचं कुठलं हे घरात कुणालाच ठाऊक नाही. आजोबांनी सांगितलं नाही, बाबांनी विचारलं नाही. पुण्यात दोन खोल्यांत वाढलेल्या माणसाचं गावावाचून काही अडतही नाही म्हणा. आई गेल्यावर मात्र बाबांचं अडायला लागलं.

ते जपानला, टोकियोजवळच्या उरायासुला आमच्याकडे आले ते तीन महिन्यांच्या व्हिसावर. त्याहून जास्त राहता येत नाही. मी सगळीकडे विचारलं, डोकं आपटून घेतलं, पण नियम तो नियम. आणि परत जाऊन राहायचं कुठे? पुण्यातली बिल्डिंग पाडायला निघालेली, त्यात वर्षापूर्वी जिन्यात पडून बाबांचं खुब्याचं हाड मोडलेलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! मी आणि नवऱ्यानं फोनाफोनी करून पुण्याबाहेरचा एक वृद्धाश्रम ठरवला. बाबांना म्हटलं, "नवीन बिल्डिंग होईपर्यंत. तात्पुरतं." ते "बरं" म्हणाले आणि चहात बिस्किट बुडवत राहिले. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी सहलीचा विषय काढला. "दिवाळीला तू येशील ना, तेव्हा गाडी घेऊ. तिन्ही गावं करू. देवळात गुरवाला विचारायचं, आमच्या नावाचं कुणी पूर्वी येत होतं का. एका तरी ठिकाणी पत्ता लागेल."

"आणि लागला तर?"

"तर काय! एखादी खोली बघायची. स्वतःच्या गावात माणसाला कोण नाही म्हणतंय?"

म्हणजे हे असं होतं तर. त्यांना आश्रमात जायचं नव्हतं, आणि माझ्या तोंडावर तसं सांगायचंही नव्हतं. मला असा राग आला! ज्या गावाचं तोंड कधी पाहिलं नाही, ते गाव यांना खोली देणार! आणि दिवाळी म्हणजे इथे साधा कामाचा दिवस. त्यात लेकीची शाळेची प्रवेश परीक्षा तोंडावर. जमणार नाही हे मला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, घरातल्या भिंतींनाही माहीत होतं. मी "बघू" म्हटलं. आपल्याकडे "बघू"चा अर्थ काय होतो हे बाबांना काय सांगायला हवं होतं?

पण ते धरूनच बसले. रोज मी ऑफिसातून आले की लॅपटॉपवर नकाशा उघडायचा. आधी नगरकडचं, मग घाट, मग कोकण. कोकणात मुक्काम, मासे खायचे नाहीत म्हणून वाद, वाटेत वडापाव कुठला यावर वाद. माझ्या पासपोर्टावर अजून माहेरचंच आडनाव आहे, त्यामुळे ऑफिसात मला त्याच नावानं, पुढे जपानीतलं आदराचं 'सान' लावून हाक मारतात. याचं बाबांना फार कौतुक. "कुठल्या त्या खेड्याचं नाव टोकियोत रोज घेतात बघ." मी म्हणायचे, "हो, आणि रोज उशिरा घरी पाठवतात."

मग म्हणाले, घाट तू चालवणार तर सराव कर. मला इथलं लायसन्स आहे, गाडी नाही. शेवटी सप्टेंबरातल्या एका रविवारी भाड्यानं छोटी गाडी घेतली आणि आम्ही दोघंच आमच्याच चिबा प्रांताच्या आतल्या भागात गेलो. भात पिवळा झालेला, मागे बांबूचं रान, वळणावळणाचा रस्ता. "अगं, कोकणच!" म्हणून बाबा खिडकीला चिकटले. मला दरदरून घाम फुटला होता, मी कसलं कोकण बघतेय. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "माणसं कुठायत गं?"

नव्हतीच. घरं छान होती, दारं बंद होती. शाळेच्या मैदानात गुडघाभर गवत. एका वळणावर एक म्हातारी अळूच्या अळकुड्या विकत बसलेली दिसली तेव्हा बाबांनी गाडी थांबवायलाच लावली. अळकुड्या बघून त्यांना कोण आनंद झाला. मला म्हणाले, "विचार तिला, घरी कोण कोण असतं."

मी विचारलं. एकटीच होती. गल्लीतली शेवटची तीच.

"मुलगा?"

"टोकियोत."

"लांब आहे?"

"नाही बाबा, आपण आलो तेवढंच."

"मग येतो का?"

म्हातारी हसली आणि म्हणाली, नवीन वर्षाला, जमलं तर. तिनं दोन अळकुड्या जास्तीच्या घातल्या. गाडीत बसल्यावर बाबांनी ती पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "आपल्या तिन्ही गावांतही असंच असेल का गं?"

"मला काय माहीत, बाबा? रस्ता बघू द्या मला." खेकसलेच मी. मला रडू येत होतं आणि समोर वळण होतं.

त्यानंतर त्यांनी नकाशा उघडायला सांगितला नाही. मीच दोनदा विचारलं, तर "असू दे, दमून आली आहेस." अळकुड्यांची भाजी मी चिंच घालून केली. ती मात्र त्यांनी पोटभर खाल्ली.

निघायच्या आदल्या दुपारी बॅगा भरून झाल्या. काट्यावर वजन करून झालं. तेव्हा बाबा स्वतःहून लॅपटॉपपाशी येऊन बसले. "एकदा रस्ता नीट लावून ठेव. तुलाच लागेल." मी सवयीनं सुरुवातीला आमच्या पुण्यातल्या घराचा पत्ता टाकला.

"तो काढ. तोवर ते घर नसणार."

"मग कुठून टाकू?"

"मी असेन तिथनं. आश्रमातनं. मला घ्यायला तिथेच येणार ना तू?"

मी टाकला तो पत्ता. त्याखाली तिन्ही गावं टाकली. मग विचारलं, "आणि बाबा, गावात खोली बघायची होती ना?"

"कोण देतंय गं? कोण उरलं असेल तिथे." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "शेवटी परत आश्रमच टाक. आणि संध्याकाळी ते गेट कधी लावतात तेवढं विचारून ठेव. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा नको."