कोण राहिलं?

आमच्या भावोजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, उभ्या आयुष्यात एकदाही गरम जेवण केलं नसेल, पैजेवर सांगतो. पहिला घास उचलायचा, दाराकडे बघायचं आणि विचारायचं, "कोण राहिलं?" गिरगावातल्या आमच्या वाडीत त्यांचं लग्न लागलं, तेव्हा हा गृहस्थ मुंडावळ्यांसकट पंगतीतून उठून चालता झाला. वडिलांना वाटलं, जावई रुसला. सगळी वाडी समजूत घालायला धावली, तर हे महाशय मागच्या बोळात बँडवाल्यांच्या पानात जिलबी वाढताहेत!

डॉक्टर होते, तेही सरकारी, साथीच्या रोगांचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस ते. आम्ही मोर्चात घोषणा द्यायला जायचो, भावोजी देवीची लस घेऊन यायचे. घोषणेला मूठ वर गेली की बाही आपोआप खाली घसरते, हा शोध त्यांचा. हात वर आहेच तर तसाच ठेवा, म्हणत शिवाजी पार्क येईपर्यंत अख्खी रांग टोचून मोकळे.

त्या वर्षी लालबागच्या एका चाळीत देवी आल्या. भावोजींनी सुरुवात केली ती संडासाशेजारच्या शेवटच्या खोलीपासून. पुढच्या बिऱ्हाडांकडे सगळेच आधी जातात, म्हणाले. एक दार मात्र उघडेना. आत मालवणी आजी, तापाने फणफणलेला नातू आणि टोचायची राहिलेली घरची आठ माणसं. घरात देवी पाहुणी आलीय, सुई बघून ती कोपेल, असं आजीचं म्हणणं. त्या आठांतलं कोण उद्या अंथरूण धरील, सांगता येत नव्हतं. भावोजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिसऱ्या दिवशी ते खण-नारळ घेऊन दाराशी उभे राहिले आणि देवीची ओटी भरायला आलोय म्हणाले.

आजीला आत हसू फुटलं. दार बोटभर उघडलं. ओटी बायलमाणसान भरूची असता, इतकंही कळत नाही का, म्हणून तिने त्यांना झापलं. भावोजी तडक गिरगावात आले आणि ताईला पोळ्या लाटता लाटता उठवून घेऊन गेले. मीही मागोमाग गेलो. ताई उंबरा ओलांडणार, तोच आजीने तिचा दंड धरला.

"हिका टोचलंस?"

ताईला लहानपणी एकदा टोचलं होतं तेवढंच; दर काही वर्षांनी पुन्हा टोचावं लागतं, ते राहूनच गेलं होतं. अर्ध्या मुंबईचे दंड धरणाऱ्या माणसाच्या घरातली बायको राहिली होती! त्यांची अशी खाली गेलेली मान मी पुन्हा कधी पाहिली नाही.

"पयली हिका टोच," आजी म्हणाली. "मगे आमका."

ताईने बाही वर केली. मग आजीने, मग एकेक करत सगळ्यांनी. नातू पुढे उठून हिंडायला लागला, आणि त्या खोलीत दुसरं कुणी आजारी पडलं नाही.

पुढे भावोजी परदेशी गेले, साऱ्या जगाचं आरोग्य बघणाऱ्या कचेरीत मोठे साहेब झाले. ताई सांगायची, देशोदेशींचे मंत्री नकाशावर रंगवलेले भाग कौतुकाने दाखवायचे आणि हे कोऱ्या राहिलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवून इंग्रजीत तेच विचारायचे. या माणसापुढे मला कायम आपण फार लहान आहोत असं वाटायचं. अजून वाटतं.

त्यांच्या तेराव्याला पंगत बसली. पानं वाढून झाली आणि सवयीने माझ्याच तोंडून गेलं, "कोण राहिलं?"

ताई ताक वाढत होती. भांडं हातात तसंच धरून म्हणाली, "या खेपेलाही मीच रे."